पाणी पंच्याऐंशी, तेल एकशे पस्तीस

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वामन आज परत हजर. धानाने भरलेली गाडी तशीच गॅरेजसमोर लावली, अर्धा रस्ता अडवून. खाली उतरायच्या आधीच सुरू. "मिस्त्री, पानी पंच्याऐंशीवर आहे आन तेल एकशे अठ्ठावीस दाखवून राहिलं. काहून?"

तेलाच्या तापमानाचं ते मीटर त्यानं दिवाळीत नागपूरहून आणलं. गाडीसोबतचं नाही, बाजारातलं. हट्टच धरला म्हणून मीच बसवून दिलं, सेन्सर खाली तेलाच्या चेंबरमध्ये. तेव्हापासून डोकं खाऊन राहिला. रिकाम्या गाडीत नव्वद-पंच्याण्णव. माल भरला आणि चढ लागला की काटा सरसर वर जातो म्हणे.

तेलाची पातळी पाहिली, बरोबर. रेडिएटर साफ. पंख्याचा पट्टा ताठ. पाणी थंड तर इंजिन थंड, तीस वर्षं हेच पाहत आलो. चहा पाजला, पाठवला.

६ डिसेंबर, शनिवार

आज वही घेऊन आला. खिशातली छोटी. त्यात जागा, गिअर, माल किती, पाणी किती, तेल किती. दोन पानं भरून. मी म्हटलं, "शाळेत एवढं लिहिलं असतं तर मास्तर झाला असता बे." हसला नाही.

म्हणाला, "चढावर तेलाचं प्रेशर बी पडते. पयले नव्हतं पडत."

"पयले म्हणजे?"

"जूनमधी तुनं इंजिन खोलून नवं बांधलं, त्याच्या पयले."

बावीस वर्षांत हा माणूस माझ्या कामावर असं बोलला नव्हता. त्याची पहिली गाडी, मग ही दहा चाकी, दोन्हींचा एकेक नट माझ्या हातचा. समोर दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी म्हटलं, "मंग नागपूरले दाखव मोठ्या वर्कशॉपमधी. पन मंग माह्याकडे येऊ नको."

गेला. वही माझ्या बाकावर राहिली होती, ती घ्यायला परत आला. तेव्हाही मी मान वर केली नाही.

१४ डिसेंबर, रविवार

वामनचा फोन नाही. नागपूरला गेला नाही, हे मात्र कळलं. पंपावर दिसला होता म्हणे.

२१ डिसेंबर, रविवार

शेवटी आलाच. काल चढावर एकशे पस्तीस. घाबरलेला. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास उभा राहिला, मग निघाला. मी गाडी चालू करून पाहिली, उभ्या उभ्या रेस दिली. आवाज साफ. प्रेशर ठीक. पाण्याचा काटा जागचा हलला नाही.

"मीटर खोटं आहे," मी म्हटलं. "हे तुले फक्त भेव दाखवून राहिलं."

आणि वायर काढून टाकली. टेप गुंडाळला. त्यानं पाहत राहून विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"तू म्हनते त नक्की."

२ जानेवारी, शुक्रवार

वामन उभ्या उभ्या येऊन गेला. त्याच्या बायकोनं, शेवंता वहिनींनी, नवे तांदूळ दिले, पाच किलोची पिशवी. माझी बायको सुनंदा खूश, हिला त्यांच्याकडचेच आवडतात. मी विचारलं, मीटर नाही तर बरं वाटते का? म्हणाला, "काटा पडूनच आहे, पन डोळा तिकडंच जाते."

सोमवारी छत्तीसगडकडे जातो म्हणाला. पोती भरणं चालू आहे.

५ जानेवारी, सोमवार

वामन गेला.

७ जानेवारी, बुधवार

लिहून ठेवतो.

सोमवारी सकाळी सात-सव्वासात. साकोलीच्या पुढं जंगलातला चढ. धुकं असं की समोरचा माणूस दिसू नये. गाडी मध्येच बंद पडली. वामननं कशीबशी कडेला घेतली, पूर्ण बाहेर नाही आली. दिवे लावून ठेवले. एकटाच होता. खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावले, झाडाची फांदी तोडली आणि रस्त्यावर टाकायला मागं गेला. फांदी हातातच होती. मागून दुसरा ट्रक आला.

त्या ट्रकचा ड्रायव्हर कोवळ्या वयाचा आहे, ठाण्यात बसून रडत होता म्हणे. त्याला फांदी दिसली, माणूस दिसला नाही.

मी दवाखान्यात गेलो. वामनच्या बोटांना पानांचा हिरवा डाग होता.

१० जानेवारी, शनिवार

धुकं होतं. मागच्याला दिसलं नाही. सगळे हेच म्हणतात. गॅरेजमध्ये येणारा जाणारा विचारतो, मीही हेच म्हणतो.

गाडी बंद काहून पडली, हे कोणीच विचारत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

करडीला, वामनच्या गावी, तेरवी. पंगतीत बसलो, पान तसंच राहिलं. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "भाऊ, गाडी ठान्यातून तुमीच आना. दुसऱ्याच्या हातात देऊ नका. प्रनालीचे बाबा तुमच्याशिवाय कोनाले हात लावू देत नव्हते."

प्रणाली, त्यांची एकुलती एक. मोहाडीला शाळेत विज्ञान शिकवते.  मी निघालो तेव्हा मोटरसायकलपर्यंत आली. "काका, इंजिन उघडाल तेव्हा मले सांगा."

सांगतो म्हटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

गाडी ओढून आणली. मागची फळी दबलेली, बाकी शाबूत. क्रँक फिरवून पाहिला. दोन हातांनी, मग लांब पाइप लावून. हलत नाही. इंजिन धरलंय.

केबिनमध्ये चढलो. सीटमागं टॉवेल, अगरबत्तीचा पुडा. समोर ते मीटर, काटा शून्यावर. टेप मी गुंडाळला तसाच.

प्रणालीला कळवलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

उघडलं. हेड सरळ आहे, कुठं वाकलं नाही, पिस्टन बरे. पाण्यानं तापलेलं इंजिन असं नसतं. खालून पाहिलं तर क्रँकची बेअरिंगं काळी, दोन तर क्रँकलाच चिकटून बसलेली. छिन्नीनं काढावी लागली. तेल काढलं ते पाण्यासारखं पातळ, जळका वास.

म्हणजे तेल तापत होतं. खरोखर तापत होतं.

मीटर खरं होतं.

२८ जानेवारी, बुधवार

आज ऑइल कूलर काढला. तेल आत जायचं जे तोंड, तिथं लाल रबरासारखा लोळा. चिमट्यानं ओढला, दोरीसारखा येतच राहिला. सिलिकॉन. माझं. जूनमध्ये इंजिन केलं तेव्हा कूलरच्या झाकणाखाली गळती अडवायला लागतं ते गॅस्केट दुकानात नव्हतं, उद्या येईल म्हणाले होते. मी गॅस्केटऐवजी ट्यूबमधलं सिलिकॉन लावलं. जास्त लावलं. दाबल्यावर आतल्या बाजूनं बाहेर आलं, आतून कोण पाहतं. तेच तुटून वाहत जाऊन तोंडाशी अडकलं.

कूलर तुंबला की बाजूचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल थंड न होता तसंच इंजिनात जातं. रिकाम्या गाडीत चालून जातं. भरलेल्या गाडीत चढावर नाही चालत.

किती वेळ हातात धरून बसलो, माहीत नाही. बोटाएवढी दोरी.

२९ जानेवारी, गुरुवार

त्या वेळी वामनलाच घाई होती. दुसऱ्या दिवशी त्याची ट्रिप होती. तो थांबला असता तर गॅस्केट आलं असतं.

हे सुनंदालाही सांगितलं. सगळंच सांगितलं.  ती म्हणाली, "केसमधी त्या ट्रकवाल्याचं नाव आहे ना? मंग तुमी आपलं काहून ओढून घेता? तीस वर्सांचं गॅरेज आहे."

१ फेब्रुवारी, रविवार

प्रणाली न कळवता आली. हातात वामनची वही. इंजिनाचे भाग फडक्यावर मांडलेले होते. कूलर मी खाली बाकड्याखाली ठेवला होता, गोणपाटात.

"उघडलं तर सांगितलं काहून नाही काका?"

"आताच उघडलं," म्हटलं. खोटं.

तिनं वही उघडली. बाबांनी तेवीस वेळा लिहिलंय म्हणाली, पाणी प्रत्येक वेळी ब्याऐंशी ते शहाऐंशी, तेल मात्र माल जसा वाढला तसं वाढलं. "पाणी थंड आन तेल गरम, असं कसं होते? मले समजावून सांगा. आमी पोरांना शिकवतो तसं."

सांगितलं. माल वाढला की डिझेल जास्त जळतं. पिस्टन तापतात. त्यांना खालून तेलाची पिचकारी लागते, ती उष्णता तेल घेऊन खाली येतं. बेअरिंगं घासतात त्याची वेगळी. हे गरम तेल कूलरमध्ये जातं. तिथं एका बाजूला तेल, एका बाजूला पाणी, मध्ये पातळ पत्रा. पाणी तेलाची उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं.

"तेल जास्त तापलं तर?"

"पातळ होते. बेअरिंगमधी थर टिकत नाही. धातूले धातू लागते."

"मंग?"

"मंग इंजिन धरते."

तिनं वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली. दोन चौकोन, मध्ये रेघ. पाहत राहिली. "म्हणजे तेलाची उष्णता पाण्यात जायले पाहिजे होती. गेली नाही म्हणून पाणी थंड राहिलं. पाणी थंड दिसलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही. जिथं दोघं भेटतात तिथंच काहीतरी अडलं."

तीस वर्षं मी पाण्याचा काटा पाहत आलो. या मुलीला दहा मिनिटं लागली.

"कूलर कुठं आहे काका?"

"धुवायले दिला," म्हटलं.

आणखी एक खोटं. माझा पाय त्या गोणपाटाला लागत होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

२९ तारखेचं वाचलं. ते खरं नाही. वामनला घाई नव्हती. तो म्हणाला होता, "एक दिवस थांबलो त काय होते, गॅस्केट येऊ दे." मीच म्हटलं, काही होत नाही, सिलिकॉननं चालते. दुसऱ्या दिवशी सुनंदाच्या भाचीचा साखरपुडा होता तुमसरला. मला गॅरेज बंद करून जायचं होतं.

साखरपुड्यात मी दोन वेळा बुंदी घेतली होती, हेही आठवते.

७ फेब्रुवारी, शनिवार

फोन करून प्रणालीला बोलावलं. शाळा सुटल्यावर आली. बाकावर कूलर ठेवला, बाजूला ती लाल दोरी. काय बोलायचं ते चार दिवस ठरवत होतो, त्यातलं काहीच आलं नाही. म्हटलं, "हे मी लावलं होतं. जूनमधी. आन मीटरची वायर मीच काढली. तुह्या बाबाचं मीटर खरं होतं."

तिनं दोरी उचलली. ताणून पाहिली. तुटली नाही.

"तुमाले कधी समजलं?"

"अठ्ठावीसले."

"म्हणजे मी आली होती तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मी एवढं विचारत होती, आन तुमी मले शिकवत होते."

दोरी रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. गेली. स्कूटी सुरू होईना, दोनदा, तीनदा. मी उठलो मदतीला, तिनं हातानंच थांबवलं. मग ढकलत नेली, पुलाच्या दिशेनं.

८ फेब्रुवारी, रविवार

गॅरेज बंद ठेवलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रणालीचा फोन. "आईले मी नाही सांगणार. तुमी सांगा." ठेवून दिला.

सुनंदा ऐकत होती.  संध्याकाळी माझा पांढरा शर्ट धुवून वाळत घातला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

करडीला गेलो. उन्हाळी धानाची रोवणी सुरू आहे तिकडं. वहिनी बांधावरून येत होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल. सोबतच्या बायका पुढं गेल्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, बसा. पाय धुवून येतो."

पाय धुऊन आल्या, ओसरीवर बसल्या, समोर. चहा ठेवायला प्रणालीला हाक मारणार तेवढ्यात मी म्हटलं, वहिनी, आधी ऐका.

सगळं सांगितलं. कूलर म्हणजे काय, तेल काहून तापते, हे त्यांना समजावं म्हणून परत परत. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते राहू द्या. त्याईले माहीत होतं का?"

"वामनले माहीत होतं की तेल तापून राहिलं. मी म्हटलं मीटर खोटं."

"आन त्याईनं मानलं?"

"हो."

"माह्यासंग तर मिठावरून भांडत होते," वहिनी म्हणाल्या. "माही एक गोष्ट मानली नाही कधी. तुमच्या एका शब्दावर गेले."

मग पदरानं पायाचं पाणी पुसत बसल्या. पुसून झालं तरी पुसत होत्या. प्रणाली दारात उभी. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, हातही ठेवला नाही डोक्यावर.

चहा कोणी ठेवला नाही. बरं झालं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

करडीहून काही नाही. इंजिन बांधून राहिलो. क्रँक नागपूरला घासून आणला, बेअरिंगं नवी, कूलर नवा. गॅस्केटसाठी आठ दिवस थांबलो. दुकानदार म्हणाला, मिस्त्री, सिलिकॉननं होऊन जाते ना. मी म्हटलं, गॅस्केटच मागव. तो माझ्याकडे पाहत राहिला.

जवाहरनगरहून एकजण आपली गाडी घेऊन आला होता, हेड गॅस्केटसाठी. दुसरीकडं पाठवला. हात एकाच गाडीत चालतात सध्या.

१ मार्च, रविवार

वामनची गाडी सुरू झाली. पहिल्याच झटक्याला. आवाज चांगला आहे. नवीन मीटर बसवलं तेलाचं, आधी उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून पाहिलं, शंभर दाखवतं.

प्रणालीला मेसेज टाकला, गाडी तयार आहे, कधी नेता. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

५ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. "आई म्हणते मंगळवारी करडीला आणा. पोती भरायची आहेत. तुम्हीच चालवायची. ती सोबत बसणार आहे."

सुनंदा म्हणाली, नाही म्हणून सांगा. लोक काय म्हणतील, बाईमाणूस, त्याच रस्त्यानं. मग स्वतःच म्हणाली, "जा."

१० मार्च, मंगळवार

सकाळी आठला करडी. पूर्ण माल भरला. वहिनी डाव्या सीटवर. डब्यात भाकर, मांडीवर पाण्याची बाटली. चढताना मी हात पुढं केला, त्या दांड्याला धरून चढल्या.

भंडारा, लाखनी, साकोली. ऊन कडक.  वहिनी रस्त्याकडं पाहत नव्हत्या, मीटरकडं पाहत होत्या. काटा अठ्ठ्याण्णव, शंभर. त्यांना कोणतं मीटर कशाचं ते कोणी सांगितलं, विचारलं नाही. प्रणालीनं सांगितलं असेल.

साकोलीच्या पुढं जंगल. चढ सुरू झाला. मी गिअर खाली घेतला. काटा वर सरकू लागला. एकशे तीन. एकशे सहा.  वहिनी पुढं झुकल्या.

"किती चालते?"

"एकशे पंधरापर्यंत काही नाही होत."

"त्याईचं किती होतं?"

"एकशे पस्तीस."

ती जागा आली. मी ओळखली, त्यांनीही ओळखली असेल, की माझ्या पायावरून समजलं, पाय आपोआप ढिला पडला होता. "थांबवू नका," म्हणाल्या. खिडकीतून वाकून मागं पाहत राहिल्या, वळण येईपर्यंत. तिथं काही नाही. रस्त्याची कड, वाळलेलं गवत. एकशे नऊवर काटा थांबला, चढ संपला तसा उतरू लागला.

वहिनी तेव्हा रडल्या. आवाज मोठा. तेरवीतही अशा रडल्या नव्हत्या. इंजिनाच्या आवाजात मला वाटलं आधी दुसरंच काही आहे. गाडी थांबवू का विचारलं, मान हलवली, नाही.

"एवढंच करायचं होतं ना," म्हणाल्या. "एवढंच."

धानाच्या मिलवर माल उतरवला. मिलवाल्यानं वामनचं विचारलं, वहिनींनीच सांगितलं. भाकर खाल्ली त्यांनी अर्धी. अर्धी डब्याच्या झाकणावर ठेवून माझ्याकडे सरकवली. मी घेतली. कशी घेतली, समजत नाही. घेतली.

परत येताना रिकामी गाडी. काटा ब्याण्णव. साडेचारला करडी.

वहिनी उतरल्या, सरळ घरात गेल्या. दार उघडंच राहिलं. प्रणाली अंगणात उभी. मी चाव्या पुढं केल्या, तिनं घेतल्या नाहीत. एकदा दाराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"काका, मले समजून नाही राहिलं तुमाले या म्हणू की जा म्हणू."

मी म्हटलं, मलेही नाही समजत.

घरी परतायला भंडाऱ्याची बस साडेपाचची. गाडीच्या सावलीत उभा राहिलो, चाव्या हातात. आतून भांड्यांचा आवाज येत होता. प्रणालीही तिथंच उभी होती.